तिसरं कार्ड

कंपनीत तिला सगळेच वहिनी म्हणत. सुरुवात धाकट्या दिरानं केली, कारण ती त्याची खरीच वहिनी होती. मग ऐकून ऐकून हिशेबनीस म्हणायला लागला, दारावरचा पहारेकरी म्हणायला लागला, आणि एकदा तर बाहेरून आलेल्या तपासनिसानं आपल्या अहवालात तिच्या पदाच्या रकान्यात ‘वहिनी’ असंच लिहून टाकलं. तिनं ते दुरुस्त करायला लावलं नाही. “बरोबरच आहे,” ती म्हणाली. “सगळ्यांच्या मधे तोंड घालायचा हक्क असलेलं पद.”

कंपनीचं काम लोकांच्या नजरेला कधी पडत नसे. तुम्ही फोनवर बँकेचं पान उघडता, वर पत्त्याच्या पट्टीत छोटंसं कुलूप दिसतं आणि तुम्ही निर्धास्त पासवर्ड टाकता. ते कुलूप बँकेला स्वतःचं स्वतः लावून घेता येत नाही. ‘मीच ती बँक’ असं काय, कुणीही म्हणेल. त्यासाठी मधे तिसरा कुणीतरी लागतो, ज्यानं बँकेची नीट चौकशी केली आहे आणि ज्याच्या शब्दावर तुमचा फोन विश्वास ठेवतो. ही कंपनी म्हणजे तो तिसरा. ती प्रमाणपत्र द्यायची: हे पान खरंच त्याच बँकेचं आहे, आणि इथं तुम्ही लिहाल ते वाटेत कुणी वाचणार नाही.

ही चौकशी करणारा खात्री विभाग वहिनीकडे होता. अर्जावर दिलेल्या नंबरावर ती कधीच फोन करत नसे. त्या संस्थेचा नंबर स्वतः शोधून काढायची आणि तिथं विचारायची, अमुक माणूस तुमच्याकडे खरंच आहे का. तिच्या हाताखाली अर्ज अडकला की लोक वैतागायचे. एकदा खुद्द नवरा, म्हणजे कंपनीचा मालक, आपल्या मित्राच्या दुकानासाठी प्रमाणपत्र मागायला आला होता.

“अगं, मी त्याला शाळेपासून ओळखतो.”

“तू ओळखतोस. मी नाही. कागदपत्रं पाठवायला सांग.”

त्यावरून घरात आठवडाभर भांडी आदळत होती, आणि आदळणारा नवरा होता.

मग एक दिवस कामाच्या टेबलावरच नवऱ्याच्या हृदयानं दगा दिला. कंपनी धाकट्या भावाकडे, भाऊजींकडे आली. भाऊजी वाईट माणूस नव्हते. भावाच्या मागे वहिनीपेक्षा तेच जास्त रडले होते. पण त्यांच्या वाट्याला काळ वाईट आला. साधी प्रमाणपत्रं फुकटात मिळायला लागली होती, जुने ग्राहक एकेक करून गळत होते, आणि वरच्या मजल्यावरची निम्मी टेबलं रिकामी झाल्यावर तिथले दिवेच बंद करून टाकले होते.

एका सकाळी भाऊजींनी वहिनीला आपल्या काचेच्या खोलीत बोलावलं आणि तिच्यासाठी स्वतःच्या हातानं कॉफी आणून ठेवली. तेव्हाच तिनं ओळखलं, काहीतरी शिजतंय.

“वहिनी, मोठं काम मिळतंय.”

“कुणाचं?”

भाऊजींनी नाव सांगितलं. निम्म्या देशाच्या घरांत इंटरनेट पुरवणारी कंपनी होती ती.

“त्यांच्या पानांना कुलपं हवीत?”

“नाही. त्यांना आपल्याकडून अधिकारपत्र हवंय. म्हणजे आपल्या नावाखाली प्रमाणपत्रं ते स्वतःच बनवतील.”

“कुठल्या पानांच्या नावांची?”

भाऊजी कॉफी ढवळत राहिले. कॉफीत ते साखर घेत नसत.

“सगळ्या,” ते म्हणाले.

वहिनीनं कप खाली ठेवला. “थांबा. मला नीट समजू द्या. मी माझ्या डॉक्टरला काही लिहिलं, तर ते वाटेत हे लोक उघडणार. वाचणार. परत बंद करून पुढे पाठवणार. डॉक्टर असल्याचं सोंग माझ्यापुढे हेच आणणार, आणि माझ्या फोनवर कुलूप मात्र जसंच्या तसं दिसत राहणार. कारण ते आपण दिलेलं.”

“व्हायरस पकडण्यासाठी आहे ते. ग्राहकांच्या सुरक्षेसाठी.”

“ग्राहकांना सांगणार आहेत?”

“ते त्यांचं ते बघतील.”

“म्हणजे नाही.”

“वहिनी, आपण नाही दिलं तर दुसरं कुणीतरी देईल.”

“देऊ दे. त्यांच्या वहिनीनं त्यांच्याशी भांडावं. मी माझ्या भाऊजींशी भांडणार.”

भाऊजींना हसू आलं नाही. त्यांनी काचेतून बाहेर बोट दाखवलं. “ती माणसं दिसतात ना? हे काम नाही मिळालं तर त्यातल्या निम्म्यांना मला घरी पाठवावं लागेल. त्यांच्या तोंडाकडे तुम्हाला बघवेल?”

“मी रोज बघते. जेवायच्या सुट्टीत त्यांच्यात बसते. बसत नाही ते तुम्ही.” ती उठली. “माझं कार्ड मिळणार नाही, भाऊजी. स्पष्ट सांगते, म्हणजे नंतर गैरसमज नको.”

कार्डाची गोष्ट अशी होती. कंपनी जे जे प्रमाणपत्र द्यायची, त्याच्या मुळाशी एक किल्ली होती. किल्ली म्हणजे खरं तर एक भलामोठा आकडा. लिहायला घेतला तर पान भरेल एवढा. तो कुणालाच ठाऊक नव्हता. तळमजल्यावरच्या एका बिनखिडकीच्या खोलीत, जाळीच्या आत, पोलादी तिजोरीत एक यंत्र होतं आणि त्याच्या पोटात तो आकडा होता. यंत्राला बाहेरच्या जगाची एकही तार जोडलेली नव्हती. ते जागं करायला पाच जणांकडच्या कार्डांपैकी तीन कार्डं लागत. ही व्यवस्था वहिनीच्या नवऱ्याची. “एकट्याला मोह होतो,” तो म्हणायचा, “दोघं आपसात जुळवून घेतात. तिघांत एखादा तरी भांडखोर निघेल.” आणि म्हणताना बायकोकडे बघायचा.

त्यानं पाच जण निवडले होते: स्वतः, भाऊ, बायको, यंत्रं सांभाळणारे मास्तर, आणि कंपनीशी काही घेणंदेणं नसलेली पाचवी व्यक्ती म्हणून आपली आत्या. तो गेल्यावर त्याचं कार्ड कॅमेऱ्यासमोर कातरून टाकलं गेलं. उरली चार.

“तुमचं नसलं तरी चालेल,” दारापर्यंत गेलेल्या वहिनीला भाऊजी म्हणाले. “मी आहे, मास्तर आहेत, आत्या आहे. झाले तीन.”

वहिनी आधी मास्तरांकडे गेली. मास्तर काही शिकवायला नव्हते कुठे, पण साधं ‘प्रिंटर का चालत नाही’ विचारलं तरी फळ्याशी उभं राहून आकृती काढायचे, म्हणून मास्तर. त्या दिवशी मात्र ते फळ्यापाशी गेले नाहीत. वायरींच्या भेंडोळ्याशी उगाचच चाळा करत बसले.

“मास्तर, तुम्हाला हे काय आहे ते माझ्यापेक्षा जास्त कळतं.”

“कळतं.”

“मग?”

“मी यंत्र चालवतो, वहिनी. काय चालवायचं ते वरचे ठरवतात.”

“यंत्र चालवायला तुम्हाला ठेवलंय, ते खरं. कार्ड कशाला दिलंय मग? ते यंत्राला नाही दिलं. तुम्हाला दिलंय.”

मास्तरांनी भेंडोळं सोडवलं, पुन्हा गुंडाळलं. “माझं वय बघा,” ते एवढंच म्हणाले. “या वयात कोण मला नवीन नोकरी देणार?”

वहिनीचा राग त्यावर ओसरला. तिचं स्वतःचं वय त्यांच्याहून फार कमी नव्हतं.

आत्यांचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, चौथ्या मजल्यावर. आत्या बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेल्या, गुडघ्यांनी जेरीला आणलेल्या आणि जिभेनं मात्र अजून तरण्या. दीर-भावजयीच्या भांडणात त्या कायम एकाच बाजूला असत, आणि ती बाजू म्हणजे भाऊजी. आई लहानपणी गेल्यावर त्यांनीच भाऊजींना वाढवलं होतं.

“ये,” त्या म्हणाल्या. “तू येणार हे त्यानं कालच सांगितलंय. मी हो म्हटलंय, तेव्हा तोंडाची वाफ दवडू नकोस. चहा घे आणि जा.”

“हो कशाला म्हटलंत, ते त्यांनी सांगितलं का?”

“कंपनीचं काम आहे. सही करण्यासारखंच.”

वहिनीनं त्यांना सगळं सांगितलं. कुणाचं काय काय उघडं पडेल ते सांगितलं. आत्या मधे न बोलता ऐकत होत्या, आणि हे त्यांच्या स्वभावात नव्हतं.

“तुझं म्हणणं खरं असेल,” शेवटी त्या म्हणाल्या. “पण घरचं घरात मिटवावं. तुम्ही दोघं समोरासमोर बसून मिटवा. मला कशाला मधे ओढता?”

“आत्या, तुम्हाला मधेच बसवलंय. कार्ड त्याचसाठी आहे. आणि हे घरचं राहिलंच नाही. आपण लोकांच्या घरात बसलोय, त्यांना न विचारता. त्यांना आपलं नावसुद्धा माहीत नाही.”

“मला एक सांग. मी नाही म्हटलं, तर पोराची कंपनी बुडेल?”

खोटं बोलायला तो क्षण फार सोयीचा होता. “बुडू शकते,” वहिनी म्हणाली.

आत्यांनी तिचा कप चाचपून बघितला. “मग मी शब्द मोडणार नाही,” त्या म्हणाल्या. “चहा निवला तुझा. दुसरा टाकते.”

“नको,” वहिनी म्हणाली आणि चार मजले पायांनी उतरून आली. लिफ्टची वाट बघत तिथं उभं राहायचीसुद्धा तिची तयारी नव्हती. रस्त्यावर आल्यावर तिला रडू फुटलं, आणि आपण रडतोय याचा इतका संताप आला की रडू तिथंच थांबलं.

आता एकच वाट उरली होती. ब्राउझर बनवणारे लोक एक उघडा मंच चालवतात. कुठल्या प्रमाणपत्र कंपनीवर विश्वास ठेवायचा आणि कुणाला यादीतून हाकलायचं, हे तिथं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ठरतं. एकदा त्या यादीतून नाव गेलं की कंपनीनं दिलेलं एकूण एक कुलूप गळून पडतं. वहिनीनं तिथं टाकायचा मजकूर लिहिला. छोटाच होता. कोणी काय मागितलंय, ते दिलं तर काय होईल, आणि मी कोण. खाली स्वतःचं पूर्ण नाव आणि हुद्दा. निनावी लिहायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. जन्मभर ती लोकांना हेच विचारत आली होती, की तुम्ही कोण ते आधी सिद्ध करा.

तो मजकूर तिनं पाठवला नाही. छापला आणि भाऊजींच्या टेबलावर नेऊन ठेवला.

“हे काय?”

“वाचा. तुम्ही हे काम सोडून दिलंत तर हा कागद फाडा. नाही सोडलंत, तर तळमजल्यावरच्या त्या खोलीचं दार बंद व्हायच्या आत मी हे पाठवणार. पाठीमागून काही करायची मला सवय नाही, म्हणून आधी दाखवतेय.”

भाऊजींनी कागद शेवटपर्यंत वाचला. “तुम्ही दादाची कंपनी जाळायला निघालात.”

“तुमच्या दादाची कंपनी ज्या गोष्टीवर उभी आहे, ती तुम्ही विकायला काढलीत. जाळणं कुणाचं म्हणायचं?”

“दादा असता तर त्यानं तुम्हाला आवरलं असतं.”

“प्रयत्न केला असता. मी त्यालाही दाद दिली नव्हती, तुम्हाला आठवत असेल. आणि दादाला पुढे करू नका, भाऊजी. तो असता तर काय म्हणाला असता, ते तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही. मी काय म्हणते ते मला माहीत आहे.”

“आजपासून तुम्ही कामावर नाही,” भाऊजी म्हणाले.

“ठीक.”

तिनं आपली पर्स उचलली. बाकी सामान तसंच टेबलावर राहू दिलं. खात्री विभागातल्या सगळ्यांनी माना वर केल्या, आणि पहारेकऱ्यानं दार उघडताना जमिनीकडे बघितलं. “मान वर करा हो,” ती त्याला म्हणाली. “तुम्ही काही केलेलं नाही.”

पण नोकरी काढून घेतली तरी कार्ड काढून घेता येत नव्हतं. कार्डधारक बदलायचे म्हटलं तरी त्यासाठी यंत्र जागं करावं लागे, आणि यंत्र जागं करायचं तर सगळ्या कार्डधारकांना आधी कळवून बोलवावं लागे. तसं केलं नाही तर बाहेरचे तपासनीस सगळाच विधी बाद ठरवत. त्यामुळे भाऊजींना, ज्या बाईला त्यांनी हाकललं होतं तिलाच, रीतसर निमंत्रण धाडावं लागलं.

विधीच्या सकाळी वहिनी तळमजल्यावरच्या अरुंद बोळात पोचली तेव्हा बाकीचे आधीच आले होते. आत कायम गारठा असायचा म्हणून सगळ्यांच्या अंगात स्वेटर. आत्या काठी टेकून, गळ्यापर्यंत बटणं लावून उभ्या. त्यांनी वहिनीकडे बघून न बघितल्यासारखं केलं. मास्तरांच्या हातात कागदांची चळत होती. खोलीत काय काय करायचं, त्यातली प्रत्येक पायरी त्यावर छापलेली असे आणि ती मोठ्यानं वाचूनच करायची असे. दारापाशी फोन ठेवायचा प्लास्टिकचा ट्रे. फोन आत न्यायला बंदी होती.

भाऊजींनी आपला फोन ट्रेमध्ये टाकला. मास्तरांनी टाकला. आत्यांनी पर्समधून शोधून काढून टाकला.

वहिनीनं फोन हातातच धरला. “भाऊजी, शेवटचं विचारते. थांबवताय?”

“आत चला.”

तिनं फोन त्यांच्यासमोर धरला, त्यांना पडदा दिसेल असा, आणि बोट टेकवलं. मजकूर गेला. मग तिनं फोन ट्रेमध्ये ठेवला, बाकीच्यांच्या वर.

“आता चला,” ती म्हणाली.

आत्यांनी विचारलं, “काय केलं हिनं?” वहिनीला वाटलं होतं, भाऊजी आता मागे फिरतील. पण माणूस हट्टाला पेटला की असंच होतं. “पाठवलंतच ना?” ते म्हणाले. “मग बदनामी झालीच आहे. आता रिकाम्या हातानं कशाला बाहेर जाऊ? मास्तर, दार उघडा.”

दार मागे बंद झालं. बाहेर जगात तो मजकूर कुणी वाचला होता की नाही, कुणाला काही कळायला मार्ग नव्हता. वरच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याचा लाल ठिपका लागला. तिजोरी उघडली, यंत्र टेबलावर आलं. मास्तर एकसुरी आवाजात वाचत होते आणि प्रत्येक ओळीपुढे खूण करत होते. मोहोरबंद पिशव्यांतून कार्डं निघाली. जो कार्ड घालणार नाही त्यानं साक्षीदार व्हायचं असे; त्या खुर्चीवर बसून वहिनी पिशव्यांची मोहोर तपासत होती. विरोध होता म्हणून काम वाईट करणं तिला जमलं नसतं.

पहिलं कार्ड भाऊजींचं. त्यांनी आपले गुप्त आकडे दाबले, हिरवा दिवा लागला. दुसरं आत्यांचं. त्यांनी एका बोटानं, थांबून थांबून आकडे दाबले. दुसरा दिवा लागला.

“मी शब्द दिला होता,” त्या कुणाकडेही न बघता म्हणाल्या.

तिसरं मास्तरांचं. पण ते घालण्याआधी, ज्यावर शिक्कामोर्तब करायचं तो मजकूर वाचायचा होता. मास्तर भरभर वाचायला लागले. कंपनीचं नाव. मुदत. मग त्यांचा आवाज खाली गेला आणि दोन-तीन शब्द स्वेटरच्या कॉलरमध्येच राहिले.

“ऐकू आलं नाही,” वहिनी म्हणाली.

“वहिनी, तुम्ही साक्षीदार आहात. बोलू नका.” भाऊजी.

“साक्षीदारालाच ऐकू आलं पाहिजे. तोच नियम आहे. मास्तर, पुन्हा वाचा. कॅमेऱ्यालाही ऐकू जाऊ दे.”

मास्तरांनी घसा साफ केला. “नावांवरची मर्यादा,” ते म्हणाले आणि थांबले. मग प्रत्येक शब्द सुटा करत पुढे वाचलं. “काहीही नाही.”

“म्हणजे माझ्या फोनवरचंसुद्धा?” आत्यांनी भाऊजींना विचारलं. आवाजात राग नव्हता, साधी चौकशी होती.

“आत्या, तुझं कोण वाचायला बसलंय?”

“ते नाही विचारलं मी.”

मास्तरांनी कागद टेबलावर ठेवला. कार्ड त्यांच्या हातात होतं. ते त्यांनी यंत्रापाशी नेलं, आणि ते तिथंच धरून राहिले, जसं काही त्याला वजन आहे.

“मास्तर,” भाऊजी म्हणाले, “निर्णय मी घेतलाय. जबाबदारी माझी. तुम्ही फक्त यंत्र चालवायचं.”

“यंत्र चालवीन,” मास्तर म्हणाले. “सांगाल ते, सांगाल तेव्हा. कार्ड घालणार नाही.”

“का?”

“कारण कार्डावर माझं नाव आहे.” त्यांनी ते खिशात टाकलं नाही, टेबलावरच ठेवलं, पालथं. “लिहून घ्या. कॅमेऱ्यासमोर सांगतोय. मी नाही म्हणतो.”

भाऊजी वहिनीकडे वळले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांना लपवता येत नव्हतं. “झालं समाधान?”

“नाही,” वहिनी म्हणाली. “कसलं समाधान? पण पुन्हा विचारलंत तरी मी हेच करीन.”

बाहेर आल्यावर ट्रेमधले फोन एकमेकांवर थरथरत होते. मजकूर वाचला गेला होता. प्रश्नांवर प्रश्न येऊन पडले होते आणि त्यातले बहुतेक भाऊजींना होते.

पुढचे काही महिने कंपनीचे हाल झाले, ते सांगण्यासारखे नाहीत. तपासनीस येऊन खोलीचं चित्रण पुन्हा पुन्हा बघून गेले. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीनं ‘असा आमचा विचारच नव्हता’ असं छापून आणलं आणि हात झटकले. आणखी काही टेबलं रिकामी झाली, आणि त्या माणसांपैकी दोघांनी वहिनीला रस्त्यात बघून वाट बदलली. ते तिला लागलं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. पण शिक्का उमटलेला नव्हता, आणि नाही म्हणणारा माणूस त्याच खोलीतला, त्याच कंपनीचा होता, हे सगळ्यांनी चित्रणात बघितलं होतं. कंपनीचं नाव यादीत राहिलं. मंचावर कुणीतरी वहिनीला विचारलं, की यापुढे तुमच्या कंपनीवर आम्ही विश्वास का ठेवावा. तिनं एका ओळीत उत्तर दिलं: ठेवू नका, तपासत राहा.

तिला नोकरी कुणी दिली नाही. एका ठिकाणी साहेबानं फार गोड बोलून विचारलं, “आमच्याकडे असा प्रसंग आला तर तुम्ही हेच कराल का?”

“हो.”

“थोडं आधी आमच्याशी बोलाल ना?”

“आधीच बोलेन. भाऊजींशीही आधी बोलले होते.”

तिथून पुन्हा फोन आला नाही.

आत्या तिच्याशी बोलायला लागल्या, पण भांडल्यासारख्या. “सगळी तुझीच बाजू घेतात,” त्या फोनवर कुरकुरायच्या. “मी एकटी त्याची घेते. कुणीतरी घ्यायला हवी ना.” वहिनीला ते पटायचं.

मग एका सकाळी, ती घराच्या दाराला रंग देत असताना, भाऊजींचा फोन आला. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

“वहिनी, एक अडचण आहे.” त्यांनी कशाचीच प्रस्तावना केली नाही. “मुलांच्या एका हॉस्पिटलचं प्रमाणपत्र संपतंय. जुना अधिकारी सोडून गेला, नवीन माणसानं अर्ज केलाय. कागद ठीक आहेत. पण हॉस्पिटलचा फोनच लागत नाही, लाइन बंद आहे. थांबलो तर त्यांचं पान बंद पडेल. दिलं आणि माणूस खोटा निघाला तर...”

“खात्री विभागात कोण आहे?”

“मी आहे.”

“तुम्ही?”

“दुसरं कुणी बसवलं नाही तिथं.”

वहिनीनं ब्रश डब्यावर आडवा ठेवला. “हॉस्पिटल कुठं आहे?”

“शहराबाहेर. दोन बस बदलून.”

“मग निघा.”

“मी? स्वतः?”

“फोन लागत नसेल तर दारात जायचं. मधल्या कुणाला काही विचारू नका. तो माणूस कुठल्या खुर्चीत बसतो ते डोळ्यांनी बघा, आणि आजूबाजूचे त्याला काय म्हणून हाक मारतात ते ऐका.”

दुपारी पुन्हा फोन वाजला. मागे लहान मुलांचा कलकलाट आणि कुणाच्या तरी चपलांचा आवाज येत होता.

“माणूस खरा आहे, वहिनी,” भाऊजी म्हणाले. धाप लागली होती त्यांना. “मी बघितला. एक परिचारिका त्याला सगळ्यांसमोर झापत होती, महिना झाला फोन दुरुस्त करून घेतला नाही म्हणून. खोट्या माणसाला कुणी इतकं झापत नाही.”

वहिनीला हसू आलं. कितीतरी दिवसांनी. “मग द्या प्रमाणपत्र.”

“देतो.” ते थांबले. “तुमची खुर्ची आहे तिथंच आहे. मला तिच्यावर बसून पाठीला रग लागते.”

“भाऊजी, मी माफी मागून परत येणार नाही.”

“मी मागा म्हटलं का?”

“तुम्हीही मागितली नाहीत.”

पलीकडे भाऊजी कुणा मुलाला ‘जा बाळ, जा’ म्हणत वाट करून देत होते.

“आणखी एक,” वहिनीच पुढे म्हणाली. “त्या खुर्चीवरच्या माणसाला काढायचा अधिकार तुमच्या एकट्याकडे नको. बाहेरचा कुणीतरी त्यात पाहिजे, ज्याला तुम्ही पगार देत नाही. हे लेखी.”

“तुम्ही अटी घालताय? तुम्हाला बाहेर कुणी उभं करत नाहीये, वहिनी.”

“नाही करत. तरीही घालतेय.”

“विचार करून सांगतो,” भाऊजी म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात कित्येक महिन्यांनी तो जुना, हरल्यावरही न चिडणारा धाकटा दीर ऐकू आला.

“करा. आधी त्या हॉस्पिटलचं काम संपवा. मुलं खोळंबलीयत.”

तिनं फोन ठेवला. दाराचा निम्मा भाग वाळायला आला होता आणि उरलेल्याला अजून हात लागलेला नव्हता. तिनं ब्रश उचलला आणि वरून सुरुवात केली.